‘आम्ही’ आणि ‘आपण’ : अल्गाँक्वियन भाषांची कथा

मिसिसिपी, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स ही नावे आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पाठ केली. ती इंग्रजी नावे असावीत असा आपला सहज समज होतो. वस्तुतः गोरा मनुष्य त्या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी शेकडो वर्षे जी माणसे तेथे नांदत होती, त्यांच्या भाषांतील ते शब्द आहेत. ओजिब्वे भाषेत ‘मिसी’ म्हणजे मोठी आणि ‘झीबी’ म्हणजे नदी. ओजिब्वे, क्री, मिकमॅक, ब्लॅकफूट, शायेन अशा सुमारे तीस भाषांच्या या कुळाला ‘अल्गाँक्वियन’ म्हणतात. अटलांटिक किनाऱ्यापासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत हे कूळ पसरले होते.

या सर्वांची जननी असलेली मूळ भाषा सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी बोलली जात असावी, असे विद्वानांचे अनुमान आहे. तिचे एक अक्षरही लिहिलेले नाही. तरीही लेनर्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषापंडिताने १९२५ साली तिच्या ध्वनींची मांडणी करून दाखविली. ‘तांबडा’ या अर्थाच्या शब्दांतील एक व्यंजनगट त्याच्या हिशेबात बसेना. तेव्हा मूळ भाषेत तेथे निराळाच गट असला पाहिजे, असे त्याने ठरविले. पुढे मॅनिटोबातील एका क्री बोलीत तो गट खरोखरच निराळा आढळला आणि १९२८ मध्ये ब्लूमफील्डने ते प्रसिद्ध केले. अलिखित भाषाही नियमाने चालतात, हे त्यातून सिद्ध झाले. हा पंडित पाणिनीचा निष्ठावंत अभ्यासक होता, हे आपण भारतीयांनी आवर्जून ध्यानात ठेवावे.

परंतु ब्लूमफील्डच्या कितीतरी आधी या भाषांच्या शाळेत विद्यार्थी होऊन बसले ते ख्रिस्ती मिशनरी. येशूसंघीय फादर पॉल ल जन १६३२ साली क्वेबेकला पोहोचले. १६३३-३४ चा हिवाळा त्यांनी माँतान्ये लोकांच्या फिरत्या तळावर, बर्फात आणि धुरात काढला. एकच ‘पाहणे’ हे क्रियापद माणसाला पाहताना एक रूप घेते आणि निर्जीव वस्तूला पाहताना दुसरे, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. त्याच सुमारास, १६४० साली, त्याच येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर गोव्यात रायतूर येथे छापले जात होते. फादर स्टीफन्स आपल्याला ‘ख्रिस्तपुराणा’मुळे परिचित आहेतच.

या व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. सजीव आणि निर्जीव असे दोनच वर्ग आहेत. माणूस, पशू, वृक्ष सजीव, हे आपल्याला पटते. परंतु ओजिब्वेत दगड, हिम, तंबाखू आणि चिलीमही सजीव वर्गात मोडतात. यावरून ‘हे लोक दगडाला जिवंत मानतात’ असा निष्कर्ष घाईने काढू नये. मराठीत भिंत स्त्रीलिंगी आणि खांब पुल्लिंगी का, याचे उत्तर आपण तरी कोठे देऊ शकतो?

क्रियापद हा तर या भाषांचा प्राणच. ‘गिवाबम’ म्हणजे ‘तू मला पाहतोस’ आणि ‘गिवाबमिन’ म्हणजे ‘मी तुला पाहतो’. एका शब्दात अख्खे वाक्य सामावते. दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘गि’ आहे, आणि तो ‘तू’चा वाचक आहे. पाहणारा कोणीही असो, ‘तू’ आधी आणि ‘मी’ मागे. व्याकरणातून नीतिशास्त्र काढणे धोक्याचे, तरीही धर्मगुरूला येथे क्षणभर थांबावेसे वाटते.

आता मराठी माणसाला विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट. ओजिब्वेत ‘नीनविंद’ म्हणजे ‘आम्ही’, ज्यात ऐकणारा नाही. आणि ‘गीनविंद’ म्हणजे ‘आपण’, ज्यात ऐकणारा आहे. फ्रेंच किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला हा भेद मुद्दाम शिकावा लागतो. आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. स्लोव्हेनियातून आलेले मिशनरी फ्रेडरिक बरागा यांनी १८५० मध्ये ओजिब्वेचे व्याकरण आणि १८५३ मध्ये कोश प्रसिद्ध केला; पुढे ते बिशप झाले. ओजिब्वेतील प्रभूच्या प्रार्थनेचा आरंभ ‘नोसिनान’, म्हणजे ‘आमच्या बापा’, असा होतो. तेथे ‘आपल्या बापा’ या अर्थाचे रूप योजले असते, तर देव स्वतःच्याच बापाची प्रार्थना ऐकतो आहे, असा विपरीत अर्थ झाला असता. आपणही मराठीत देवाला ‘आमच्या’ असेच म्हणतो आणि प्रवचनात एकमेकांना मात्र ‘आपला स्वर्गीय पिता’ असे सांगतो. दोन खंडांतील भक्तांना एकाच अडचणीतून एकच वाट सापडली.

या कथेला दुसरीही बाजू आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. प्रॉटेस्टंट मिशनरी जॉन एलियट यांनी १६६३ मध्ये मॅसॅच्युसेट भाषेत संपूर्ण बायबल छापले. अमेरिकेत छापलेले ते पहिले संपूर्ण बायबल. परंतु १६७५ च्या युद्धात वसाहतवाल्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या इंडियनांनाच बोस्टनजवळच्या उजाड बेटावर कोंडले. गोव्यात व्याकरण छापून पन्नास वर्षे होण्याआधीच, १६८४ मध्ये, कोकणी सोडून पोर्तुगीज बोला असा हुकूम निघाला. कॅनडात फादर अल्बेर लाकोंब यांनी १८७४ साली क्रीचे व्याकरण आणि कोश दिला. तेच १८८४ मध्ये इंडियन मुलांच्या एका निवासी शाळेचे पहिले प्राचार्य झाले. अशा शाळांत शंभराहून अधिक वर्षांत दीड लाखाहून अधिक मुले घातली गेली. मातृभाषेचा शब्द उच्चारल्याबद्दल अनेकांना शिक्षा झाली. त्यांपैकी कितीतरी शाळा आपल्याच ख्रिस्तसभेतील संघ चालवीत होते.

२५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आल्बर्टा प्रांतातील मास्कवासिस या क्री लोकांच्या भूमीवर जाऊन क्षमा मागितली. क्षमायाचनेने भाषा परत येत नाही. पण कागदावर उरलेले बीज कधी कधी रुजते. मॅसॅच्युसेट, म्हणजेच वाम्पनोआग, भाषा एकोणिसाव्या शतकात मुकी झाली होती. जेसी लिटल डो बेअर्ड या वाम्पनोआग स्त्रीने १९९३ पासून एलियटचे बायबल आणि आपल्या पूर्वजांनी लिहिलेली जुनी कागदपत्रे अभ्यासून ती पुन्हा उभी केली. त्यांची कन्या शतकाहून अधिक काळानंतर ती भाषा मातृभाषा म्हणून बोलणारी पहिली व्यक्ती ठरली.

ज्यांनी या भाषा ऐकून, शिकून लिहून ठेवल्या, त्यांचे ऋण मोठेच. परंतु लिहून ठेवणे वेगळे आणि मुलांच्या ओठांवर राहू देणे वेगळे. भाषा शिकायला गेलेला मिशनरी पाहुणा होता. शाळा उघडून बसला तेव्हा तो मालक झाला. दुसऱ्याला वगळून ‘आम्ही’ म्हणणे केवळ देवासमोर शोभते. माणसांमध्ये ख्रिस्तसभेने ‘आपण’ म्हणायला शिकले पाहिजे. आणि ते शिकण्यासाठी मराठी माणसाला नवे व्याकरण लागत नाही.