हलक्या पुडिंगची कुळकथा

ज्या पदार्थाचे नाव घेताच आज काचेच्या वाटीत थरथरणारा दुधाळ गोडवा डोळ्यांपुढे येतो, त्याचा मूळ पुरुष एक आतडे होते, असे भर पंगतीत सांगितले तर निम्मे पाहुणे पानावरून उठतील. पण कुळकथा लिहावयास बसलेल्याने घराण्याचा मूळ पुरुषच झाकून ठेवावा, हे प्रामाणिकपणाचे नव्हे. ‘पुडिंग’ हा शब्द बहुतेक भाषाशास्त्रज्ञ फ्रेंच ‘बुदँ’च्या वाटेने लॅटिन ‘बोटेलस’पर्यंत मागे नेतात. बोटेलस म्हणजे मांस-मसाला भरलेले लहान आतडे. ‘बोट्युलिझम’ या भयंकर अन्नविषबाधेचे नावही याच गोत्रातले.

सतराव्या शतकात इंग्रज गृहिणींनी आतड्याला रजा देऊन पीठ, मनुका व मसाले फडक्यात बांधून उकळावयास आरंभ केला, आणि जनावर कापण्याच्या दिवसाशी जखडलेले पुडिंग मुक्त झाले. तरी एक वारसा टिकला, तो गुरांच्या मूत्रपिंडांभोवतालच्या घट्ट चरबीचा, जिला इंग्रज ‘स्युएट’ म्हणतात. ही चरबी लोण्यापेक्षा उशिरा, सुमारे पंचेचाळीस अंशांच्या पुढे वितळते. तोवर भोवतालचे पीठ धरू लागलेले असते, म्हणून ती विरघळल्यावर मागे पोकळ्या राहतात आणि पुडिंग सच्छिद्र होते. युक्ती नामी खरी. परंतु आमच्या वैद्यकाने ज्याला ‘गुरु’ आहार म्हटले त्याचा याहून उत्तम दाखला शोधूनही मिळावयाचा नाही. शिवाय तापीकाठी वैशाखात पारा स्वतःच त्या अंशांशी शिवाशिवी खेळतो!

हे पुडिंग हलके करण्याचा खटाटोप आजच्या वजनकाट्याने सुरू केला, हा समज मात्र चुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकातच जलोपचाराच्या आरोग्यगृहांतून रुग्णांना चरबीचे पुडिंग वर्ज्य करून पावाच्या कापांत फळे भरलेले थंड पुडिंग देत. भाजलेल्या प्रकारांत ‘ईव्हज पुडिंग’ पुढे आले: तळाशी सफरचंदाच्या फोडी, वर अंड्याचा फुगलेला केक. ज्या फळापायी हव्वेने, म्हणजे ईव्हने, स्वर्ग घालविला ते तळाशी दडविलेले, म्हणून तिचेच नाव. पीठ फुगविणारी बेकिंग पावडर १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने तयार केली. पत्नीला यीस्ट सोसत नसे, हे त्याचे निमित्त. त्याआधी १८३७ साली, तिला अंडीही सोसत नाहीत म्हणून, त्याने मक्याच्या पिठाचे बिनअंड्याचे कस्टर्ड केले होते. एका स्त्रीच्या नाजूक प्रकृतीने इंग्लंडच्या स्वयंपाकघरात जेवढी उलथापालथ केली, तेवढी पार्लमेंटच्या किती कायद्यांनी केली असेल, हा प्रश्नच आहे. पुण्याच्या वीकफिल्डच्या डब्यातून मराठी घरांत आलेले फ्रूट कस्टर्ड हे त्याच बिनअंड्याच्या कस्टर्डचे नातवंड. १९४० साली इंग्लंडात लोणी-साखरेवर रेशन आले, ते १९५४ पर्यंत पुरते उठले नाही. त्या काळात हलकेपणा ही आवड राहिली नाही, तो सरकारी हुकूम झाला.

आता आमच्याकडे वळू. १८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, आणि थंडीच्या मोसमात फिरतीवर निघणाऱ्या साहेबलोकांच्या डेऱ्यांबरोबर खानसामेही गावोगाव हिंडू लागले. भट्टी सोबत नेता येत नसे, म्हणून पातेल्याच्या खाली विस्तव आणि झाकणावर निखारे, असा त्यांचा शिरस्ता होता. आपल्याकडील कोकणी भानोळे आणि गोव्याची बेबिंका पूर्वापार अशाच रीतीने भाजली जात. निखाऱ्यांची तर खानदेशातील आमच्या तळोद्यास वाण नव्हती. १८६७ साली नगरपालिका मिळालेला हा कसबा सातपुड्यातील इमारती लाकडाच्या खानदेशातील मोठ्या बाजारपेठांत गणला जाई. रोशा गवताच्या तेलाचा व्यापार येथे होताच, आणि सुमारे चाळीस रुपयांना मिळणाऱ्या येथील बैलगाड्या साऱ्या खानदेशात उत्तम मानल्या जात, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर सांगते.

ईव्हज पुडिंगला लागणारे सफरचंद येथे पिकत नाही. पपई पिकते, आणि उदंड पिकते. गेल्या माघात आमच्या वहिनींनी पिकलेल्या पपईच्या फोडी कस्टर्डमध्ये घातल्या. सकाळचे सुवर्ण संध्याकाळी पाणी सुटून असे कडू झाले की आमच्या धाकट्याने ते गुळवेलीचे समजून दूर लोटले. दोष वहिनींचा नव्हता. पपईतील पपेन हे द्रव्य दुधातील प्रथिनांचे तुकडे करते आणि ते तुकडे कडू लागतात. पपई आधी नीट शिजविली म्हणजे हे द्रव्य निष्प्रभ होते. म्हणून तिला वाटीतल्या कस्टर्डपेक्षा भाजलेले पुडिंग अधिक मानवते. गंमत अशी की आमच्या बेकऱ्यांतील केकमध्ये जी रंगीत टुटीफ्रुटी असते तीही कच्ची पपईच असते. म्हणजे साखरेत मुरविलेल्या लिंबूवर्गीय सालीच्या जागी ती कधीचीच बिनबोभाट रुजू झाली आहे.

ईव्हज पुडिंगच्या नेहमीच्या रीतीत लोणी, साखर, मैदा प्रत्येकी चार औंस, म्हणजे सुमारे ११५ ग्रॅम, आणि दोन अंडी. आमच्या घरी साखर व मैदा निम्म्यावर आणले, लोणी एका चमच्यावर. फुगवट्याची जबाबदारी वेगळ्या फेटलेल्या पांढऱ्या बलकाकडे सोपविली. पपईत सफरचंदाचा आंबटपणा नाही, तो धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून येणाऱ्या आमचुराने भरून काढला. अर्धा किलो फोडींना एक लहान चमचा पुरतो. फोडी पाणी आटेपर्यंत शिजवून तळाशी, वर फेटलेले मिश्रण. १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे.

मराठीत ‘हलके’ म्हटले की ‘हलक्या प्रतीचे’ असाही वास येतो. या पुडिंगला तो लागू नाही. इंग्रजी रीतीचे जड पुडिंग आम्ही पुण्यात खाल्ले आहे, आणि त्याच्यापेक्षा हे निःसंशय सरस आहे. मात्र ते गरम असतानाच वाढावे. दुसऱ्या दिवशी पपई पाणी सोडते आणि वरचा केक बसतो.