निरीश्वरवाद आणि चैतन्याचा प्रश्न

ईश्वर न मानणाऱ्या माणसाला विश्व आणि जाणीव ही दोन्ही केवळ भौतिकच वाटतात का, हा तत्त्वज्ञानातील जुना आणि आजही न मिटलेला प्रश्न आहे. पुष्कळ निरीश्वरवाद्यांना तसे वाटते. सर्वांना वाटत नाही, आणि तसे मानण्याची तार्किक सक्तीही त्यांच्यावर नाही. निरीश्वरवाद एकच गोष्ट नाकारतो : जगाचा कर्ता, नियंता किंवा कर्मफलाचा दाता असा ईश्वर. भौतिकवादाचा (जुन्या मराठी लेखनात ‘जडवाद’) दावा याहून कितीतरी मोठा आहे. जे जे आहे ते भौतिक आहे, किंवा भौतिकावर पूर्णपणे अवलंबून आहे, असे तो म्हणतो. पहिल्या विधानातून दुसरे निघत नाही. दुसऱ्यातून पहिले बहुधा निघते, पण त्यालाही अपवाद आहेत. ग्रीक अणुवादी एपिक्यूरस (इ.स.पू. 341–270) देव मानत असे, ते देवही अणूंचेच बनलेले, आणि माणसांच्या व्यवहारात लक्ष न घालणारे. सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने तर ईश्वरालाही शरीर आहे असे प्रतिपादन केले.

या दोन भूमिकांमधील अंतर पाहण्यांतूनही दिसते. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांमध्ये 2020 साली झालेल्या ‘फिलपेपर्स’ पाहणीत सुमारे 67 टक्के अभ्यासकांचा कल निरीश्वरवादाकडे होता, तर मनाविषयी भौतिकवादी भूमिकेकडे सुमारे 52 टक्क्यांचा. म्हणजे ईश्वर नाकारूनही मन भौतिक आहे असे म्हणायला तयार नसलेले अभ्यासक बरेच आहेत. सामान्य नास्तिकांचे चित्र आणखी सैल आहे. ब्राझील, चीन, डेन्मार्क, जपान, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. निसर्गापलीकडचे काहीच न मानणारे लोक प्रत्येक देशातील नास्तिकांत आणि अज्ञेयवाद्यांत अल्पसंख्य ठरले. ईश्वर सुटला तरी नियती, ग्रहांचा प्रभाव, मृत्यूनंतरचे काहीतरी, यांवरचा विश्वास अनेकांच्या मनात टिकून होता.

भारतीय परंपरेत हा फरक जितका स्वच्छ दिसतो तितका जगात इतरत्र क्वचितच दिसेल. याचे कारण असे की येथे निरीश्वरवादी दर्शने एक नव्हे, अनेक होती आणि चैतन्याच्या प्रश्नावर ती एकमेकांशी कडाडून भांडत होती. त्यांतले उघड भौतिकवादी दर्शन एकच : लोकायत किंवा चार्वाक. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चारच भूते. त्यांच्या विशिष्ट संयोगातून शरीर होते आणि शरीरात चैतन्य येते. धान्य आंबवण्यासाठी घातलेल्या किण्वात सुटेपणी न दिसणारी मादकता मिश्रणात प्रकट होते, तसेच हे, असा त्यांचा प्रसिद्ध दृष्टांत. चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ लुप्त झाल्यामुळे त्यांची मते प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून वेचावी लागतात. चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रहा’त माधवाचार्यांनी रेखाटलेला चार्वाक खाणेपिणे आणि मौज यांसाठीच अधिक लक्षात राहिला आहे. ते चित्र अपुरे आहे. त्याच्या कित्येक शतके आधीच्या बौद्ध ग्रंथांतील लोकायतिक पुष्कळ बारकाईने विचार करताना आढळतो. शांतरक्षिताच्या ‘तत्त्वसंग्रहा’वर कमलशीलाने आठव्या शतकात लिहिलेल्या पंजिकेवरून कळते की लोकायतिकांतच दोन तट होते. भूतांपासून चैतन्य उत्पन्न होते असे काही म्हणत, तर आधीच असलेले चैतन्य भूतांच्या संयोगाने फक्त व्यक्त होते असे इतर म्हणत. आजच्या मनाच्या तत्त्वज्ञानात ज्या मुद्द्यावर पक्ष पडतात त्याच्या अगदी जवळचा हा मुद्दा आहे.

दीघनिकायातील ‘पायासिसुत्त’ या संदर्भात मुळातून वाचण्यासारखे आहे. सेतव्येचा अधिपती पायासी परलोक मानत नाही, आणि तो नुसता वाद घालत नाही, तपासून पाहतो. मरणासन्न आप्तांना तो सांगतो की परलोक असेल तर येऊन कळवा. कोणी येत नाही. देहदंडाची शिक्षा झालेल्या चोराला तो मोठ्या कुंभात घालतो, तोंड कातड्याने आणि मातीने बंद करतो, कुंभ भट्टीवर चढवतो आणि नंतर जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहतो. चोराचे जिवंतपणी आणि मेल्यावर वजनही करतो. या प्रयोगांतील क्रौर्य अंगावर येते, तरीही पद्धत स्पष्ट आहे : जीव नावाची वस्तू असेल तर तिचा कुठेतरी मागमूस लागला पाहिजे. बौद्ध भिक्खू कुमार कस्सप त्याला अनेक दृष्टांतांनी उत्तरे देतो. तू दुपारी झोपून स्वप्नात बागा पाहतोस, तेव्हा भोवतीच्या दासींना तुझा जीव जाता-येताना दिसतो का, असे तो विचारतो. शंखाचा आवाज शोधण्यासाठी शंख उलटापालटा करणाऱ्या खेडुतांची गोष्टही सांगतो. सुत्तात अखेर पायासी हरतो. तरी कस्सपाच्या उत्तरांनी एवढेच सिद्ध होते की न दिसणे हा नसण्याचा पुरावा नव्हे. जीव आहे हे त्यांतून सिद्ध होत नाही. हीच कथा थोड्या फरकाने जैनांच्या ‘रायपसेणिय’ ग्रंथातही येते. बौद्ध आणि जैन हे दोघेही ईश्वर न मानणारे. पण भौतिकवाद्याला वादात हरवणे दोघांनाही अगत्याचे वाटले.

सांख्यदर्शनात हा पेच वेगळ्या रीतीने सुटतो. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त जगाच्या उत्पत्तीसाठी ईश्वराची गरज नाही. प्रकृती आपल्या स्वभावानेच परिणाम पावते, आणि जगाला कर्ता का नको हे वाचस्पतिमिश्रांनी टीकेत स्पष्ट केले आहे. मात्र सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांपैकी पुरुष हे एक तत्त्व प्रकृतीच्या पूर्ण बाहेर आहे. तो कर्ता नाही, बदलत नाही, केवळ साक्षी आहे. येथे लक्षात घेण्याजोगे हे की बुद्धी, अहंकार आणि मन यांना सांख्यांनी प्रकृतीतच घातले. विचार करणे, ठरवणे, आठवणे ही सारी जड यंत्रणेची कामे. निव्वळ जाणीव तेवढी वेगळी. मेंदूचे व्यवहार समजले तरी अनुभव का असतो हा प्रश्न उरतो, असे म्हणणारा आजचा तत्त्वज्ञ नेमकी हीच रेघ ओढतो. सांख्यांनी ती दीड हजार वर्षांपूर्वी ओढली, आणि तीही ईश्वराला मध्ये न आणता. सोळाव्या शतकाच्या सुमारास विज्ञानभिक्षूने सांख्याला सेश्वर करण्याचा प्रयत्न केला, पण मूळ दर्शनाला त्याची निकड भासली नव्हती.

जैन दर्शनात सहा द्रव्ये आहेत : जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल. जीव अनंत आहेत आणि चैतन्य हे त्यांचे लक्षण आहे. उलट कर्म मात्र जैनांच्या मते पुद्गलरूप, म्हणजे सूक्ष्म जड द्रव्य आहे. राष्ट्रकूटांच्या काळात, नवव्या शतकात, जिनसेनाने ‘आदिपुराणा’त सृष्टिकर्त्याच्या कल्पनेवर कठोर टीका केली. त्याच ग्रंथाचा सारा भर आत्म्याच्या जन्मोजन्मीच्या प्रवासावर आहे. पूर्वमीमांसाही अशीच. कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त जगत्कर्ता ईश्वर नाकारला, आत्मा आणि यज्ञाचे फळ मात्र ठेवले. वेद मानणारा कुमारिल परंपरेच्या परिभाषेत आस्तिक ठरतो. त्यामुळे भारतीय संदर्भात ‘नास्तिक’ आणि ‘निरीश्वरवादी’ यांची गल्लत होऊ देता कामा नये.

बौद्धांनी आत्मा आणि ईश्वर दोन्ही सोडले, म्हणून ते भौतिकवादाच्या सर्वांत जवळ असतील असे वाटते. तसे नाही. धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणवार्तिका’तील (सातवे शतक) प्रमाणसिद्धी हे प्रकरण पाहावे. त्यात आधी नित्य ईश्वराचे खंडन आहे, आणि थोडे पुढे गेल्यावर शरीर हेच मनाचे कारण मानणाऱ्या मताचेही. धर्मकीर्तीच्या मते विज्ञानाचा (बौद्ध परिभाषेत जाणिवेचा) प्रत्येक क्षण आधीच्या विज्ञानक्षणातूनच येतो. जडातून जाणीव येत असती तर मृत शरीरातही ती का नसावी? योगाचार बौद्ध तर आणखी पुढे गेले. वसुबंधूच्या ‘विंशतिके’नुसार बाह्य म्हणून भासणारा विषय विज्ञानाचाच आविष्कार आहे. ईश्वर नाही, आत्मा नाही आणि जड पदार्थही नाही, अशी ही भूमिका. जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचा आहे. पाटणच्या ग्रंथभांडारात सापडलेली ही पोथी 1940 मध्ये बडोद्याहून छापली गेली. लोकायताचा आद्य आचार्य मानल्या जाणाऱ्या बृहस्पतीचा जयराशी आदराने उल्लेख करतो, पण ज्ञानाची सारी प्रमाणेच डळमळीत आहेत असे दाखवून तो चार भूतांच्या सिद्धांतालाही निश्चितपणाने उभे राहू देत नाही. ईश्वराविषयी साशंक असलेला माणूस जडाविषयीही साशंक असू शकतो, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

युरोपात या दोन भूमिका अठराव्या शतकात घट्ट जोडल्या गेल्या. ला मेत्रीने 1747 मध्ये माणूस हे एक यंत्र आहे असे मांडले आणि द’ओल्बाखने 1770 मध्ये निसर्गाची संपूर्ण निरीश्वर व्यवस्था रचली. पुढे मार्क्सवादाने ही जोडणी जगभर नेली. नास्तिक म्हणजे जडवादी, ही आजची सर्वसाधारण समजूत मुख्यतः या वारशातून आली आहे. तिला छेद देणारी उदाहरणे युरोपातही आहेत. शोपेनहौर निरीश्वरवादी होता, पण जग त्याच्या मते अंतिमतः इच्छाशक्ती होते. केंब्रिजचा मॅकटॅगर्ट (1866–1925) ईश्वर नाकारत असे. मात्र जड द्रव्य खरे नाही, आत्मे खरे आहेत, ते अमर आहेत आणि पुन्हा जन्म घेतात असे तो मानत असे. त्याचा काही काळचा सहकारी बर्ट्रंड रसेल याने ‘ॲनॅलिसिस ऑफ माइंड’ (1921) या ग्रंथात मन आणि जड दोन्ही एकाच तटस्थ सामग्रीचे बनले आहेत असे सुचवले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भौतिकवादाचे पारडे जड झाले आणि त्याला सबळ कारणे आहेत. मेंदूच्या ठरावीक भागाला इजा झाली की भाषा, स्मृती किंवा स्वभाव ठरावीक रीतीने बिघडतो. भूल दिली की जाणीव जाते. भौतिक घटनांना भौतिक कारणे पुरतात, असे विज्ञानाच्या प्रत्येक शाखेत आढळते. प्लेस (1956) आणि स्मार्ट (1959) यांनी संवेदना म्हणजे मेंदूतील प्रक्रियाच, असा सिद्धांत मांडला. डॅनियल डेनेटने ‘कॉन्शसनेस एक्सप्लेन्ड’ (1991) मध्ये अनुभवाला आपण जे गूढ वलय देतो तेच मुळात फसवे आहे असे म्हटले. याउलट टॉमस नेगेलने 1974 च्या निबंधात विचारले की वटवाघूळ असण्याचा अनुभव कसा असतो, हे त्याच्या मेंदूच्या वर्णनातून कळेल का. फ्रँक जॅक्सनने 1982 मध्ये कल्पिलेली मेरी रंगांचे सारे विज्ञान जाणते, पण तिचे आयुष्य काळ्यापांढऱ्या खोलीत गेले आहे; लाल रंग प्रथम पाहताना ती काही नवे शिकते की नाही? जॅक्सनने पुढे आपलाच निष्कर्ष सोडून दिला. डेव्हिड चामर्सने 1995 मध्ये या अडचणीला ‘जाणिवेचा अवघड प्रश्न’ असे नाव दिले आणि जाणीव ही वस्तुमानासारखीच निसर्गातील मूलभूत बाब असावी असे सुचवले. या शंकांना ईश्वराचा आधार घ्यावा लागत नाही. नेगेलने तर ‘माइंड अँड कॉसमॉस’ (2012) मध्ये रूढ भौतिकवाद अपुरा आहे असे नास्तिक राहूनच मांडले. मेंदूवैज्ञानिक क्रिस्टॉफ कॉखने 1998 मध्ये चामर्सशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतील खूण स्पष्टपणे सापडेल. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने हार मान्य केली आणि चामर्सला वाइन दिली. प्रयोगशाळेतील पुराव्याची आजची स्थिती एवढ्यावरून समजते : भौतिकवाद खोटा ठरलेला नाही, पूर्णही झालेला नाही.

विश्वाविषयी मतभेद तुलनेने कमी आहेत. बहुतेक आधुनिक नास्तिक विश्वाला बाहेरचे कारण शोधत नाहीत. 1948 मध्ये बीबीसीवर फादर कॉपलस्टन यांच्याशी झालेल्या वादात रसेलने विश्व आहे एवढेच मान्य करून पुढचा ‘का’ नाकारला. अडचण येते ती संख्या, गणिती सत्ये आणि नीतिमूल्ये यांची. क्वाइनसारख्या कट्टर निसर्गवाद्यालाही विज्ञानाला लागतात म्हणून गणितातील संच मान्य करावे लागले, आणि संच काही भौतिक वस्तू नव्हेत.

महाराष्ट्रात हा विचार मुख्यतः पुरोगामी चळवळींतून आला. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराने प्रभावित झाले आणि 1941 मध्ये त्यांचा ‘जडवाद’ हा ग्रंथ आला. संस्कृत दर्शनांत मुरलेल्या पंडिताने भौतिकवादाची बाजू मांडावी, ही मराठी विचारविश्वातील मोठी घटना होती. रॉय यांनी स्वतः पुढे आपल्या भूमिकेला ‘भौतिक वास्तववाद’ हे नाव पसंत केले, कारण विज्ञानातील क्षेत्रे आणि ऊर्जा यांना जड हा शब्द तोकडा पडत होता. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, विशेषतः डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी, देव आहे की नाही या वादात न शिरता शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध करण्याची भूमिका ठेवली. तत्त्वज्ञानातील अंतिम प्रश्न मोकळे ठेवूनही चळवळ कशी उभी राहते, हे तिने दाखवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विवेचन यापेक्षा खोल जाते. 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी ईश्वर आणि आत्मा दोन्ही नाकारले. पुनर्जन्माचा अर्थ त्यांनी असा लावला की मृत्यूनंतर शरीरातील चार भूते विश्वातील त्या-त्या भूतसमूहात मिसळतात आणि त्यांच्या नव्या संयोगातून नवा जन्म होतो. त्याच जीवाचा पुनर्जन्म होत नाही. जाणिवेसाठी त्यांनी विद्युत क्षेत्राचा दाखला घेतला. विद्युत क्षेत्राबरोबर चुंबकीय क्षेत्र येते, तसे जेथे शरीर तेथे त्याच्याबरोबर विज्ञान. धर्मकीर्तीला हे उत्तर मान्य झाले नसते, कारण त्यात विज्ञानाचा शरीरापासून सुटा प्रवाह उरत नाही. लोकायतिकाला ते जवळचे वाटले असते. मात्र विज्ञान शरीरातून उपजते की शरीराच्या सोबत येते, हे त्यानेही विचारले असते, आणि बाबासाहेबांच्या मांडणीत या मुद्द्याचा निर्णय केलेला नाही.