जमीन सावकाश थांबते

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. त्यानंतर कितीतरी रात्री लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली माणसे घराबाहेर झोपली. ज्यांची घरे उभी होती, तीही आत जायला धजत नव्हती. मधूनच जमीन हलायची. मग प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असायचा, 'संपला का आता?'

हा प्रश्न भूकंपाइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर माणसाने कसे शोधले, याची हकिगत आज सांगायची आहे. मी शास्त्राचा विद्यार्थी नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण शब्दांच्या नादाने कधी कधी शास्त्राच्या दारापर्यंत जाता येते. आमच्या घरी भूकंपाला 'जलजला' म्हणतात. शब्द मूळचा अरबी. त्यात एकच अक्षरसमूह दोनदा येतो, जणू शब्दच दोनदा हादरतो. 'जल्ला' म्हणजे घसरणे, आणि जुने कोशकार जलजल्याचे नाते या घसरण्याशी जोडतात. म्हणजे पुन:पुन्हा घसरणे. पुढची सगळी हकिगत या दोन शब्दांत आहे, असे म्हटले तरी चालेल.

ती सुरू होते जपानमध्ये. २८ ऑक्टोबर १८९१ रोजी सकाळी गिफू आणि नागोया या शहरांच्या परिसरातले नोबी मैदान हादरले. सात हजारांहून अधिक माणसे गेली. नेओ खोऱ्यात मिदोरी गावाजवळ जमीन अशी फाटली, की एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे सहा मीटर उंच झाली. भूकंपामुळे जमीन फाटते, असाच तोवर अनेकांचा समज होता. बुंजिरो कोतो या भूगर्भशास्त्रज्ञाने ती भेग पाहून उलटे सांगितले. जमिनीतल्या जुन्या भेगेच्या, म्हणजे प्रस्तरभंगाच्या, दोन बाजू एकमेकींवरून घसरतात आणि त्यामुळे भूकंप होतो.

त्याच वेळी फुसाकिची ओमोरी नावाचा तेविशीतला तरुण वेगळ्या कामाला लागला. गिफूच्या वेधशाळेत मुख्य भूकंपानंतरच्या प्रत्येक धक्क्याची नोंद होत होती. पहिल्या दोन वर्षांत हा आकडा तीन हजारांपलीकडे गेला. लोक त्या धक्क्यांनी घाबरत होते, ओमोरी ते मोजत होता. १८९४ साली त्याने आपला नियम मांडला. तो अगदी सोप्या हिशोबात सांगता येतो. पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले, तर दहाव्या दिवशी साधारण दहा बसतील आणि शंभराव्या दिवशी एखादा. सुरुवातीला संख्या झपाट्याने उतरते, पुढे उतरण्याचा वेगही मंदावतो. धक्के एका दिवशी संपत नाहीत, ते विरळ होत जातात. नोबीच्या धक्क्यांची शेपटी तर शंभर वर्षांनंतरही याच नियमाने चालू असल्याचे जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले.

पण धक्के या हिशोबाने का विरतात? त्याचे कारण सापडायला आणखी बराच काळ जावा लागला.

एक धागा कॅलिफोर्नियात मिळाला. जून १९६६मध्ये पार्कफील्ड या छोट्या गावाजवळ सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावर भूकंप झाला. तिथून जाणाऱ्या हमरस्त्यावर मधोमध पांढरी रेघ होती. भूकंपानंतर सुमारे दहा तासांनी मोजले, तेव्हा ती साडेचार सेंटिमीटर तुटून सरकलेली दिसली. नवल पुढे आहे. ती रेघ सरकतच राहिली. दिवसेंदिवस, आवाज न करता, कोणालाही न जाणवता. तिचा वेगही ओमोरीच्या धक्क्यांसारखाच मंदावत गेला.

यामागचे कारण घर्षणात आहे. प्रस्तरभंगाचे सगळे भाग सारखे नसतात. काही भाग घट्ट अडकून बसतात आणि एकदम सुटतात. जड कपाट ढकलताना ते आधी हलत नाही, मग एकदम झटका देऊन सरकते, तसे. तोच मोठा भूकंप. त्याच्या शेजारचे भाग मात्र असे असतात, की जितके जोराने ढकलावे तितका त्यांचा विरोध वाढतो. ते झटका देत नाहीत. मोठ्या भूकंपाने अंगावर टाकलेला ताण ते सावकाश सरकत उतरवतात. पण या संथ भागांतही मध्ये मध्ये छोटे अडकलेले तुकडे असतात. भोवतालची जमीन सरकत गेली, की त्यांच्यावर ताण चढतो आणि एकेक तुकडा तुटतो. आपल्याला जाणवणारा नंतरचा धक्का तो हाच.

याचा भक्कम पुरावा इंडोनेशियात मिळाला. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर तीनच महिन्यांनी, २८ मार्च २००५ रोजी, सुमात्राजवळच्या नियास बेटाला ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या बेटांवर जीपीएसची यंत्रे होती. यंत्रांनी बेटांचे सावकाश सरकणे टिपले, भूकंपमापकांनी धक्के मोजले. २००६मध्ये शास्त्रज्ञांनी दोन्ही हिशोब शेजारी ठेवले, तेव्हा जमीन जितकी सरकली त्या प्रमाणातच धक्क्यांची संख्या वाढलेली दिसली. धक्के ऐकू येणारे, सरकणे मुके. पण चाल एकच.

सगळे धक्के याच कारणाने येतात, असे मात्र नाही. मोठ्या भूकंपाने आजूबाजूच्या खडकांवरचा ताण एकदम बदलतो, तेवढ्यानेही धक्क्यांची अशीच मालिका निघू शकते, हे जेम्स डिटरिच यांनी १९९४ साली गणिताने दाखवले होते. कुठे कोणते कारण किती, हा वाद अजून चालू आहे. आपल्या कोयनेच्या धक्क्यांची गोष्टही निराळी. तिथे धरणाच्या पाण्याचा संबंध आहे.

आणि ओमोरीचा नियम संख्या सांगतो, आकार सांगत नाही. नंतरचे धक्के बहुधा लहान असतात, पण 'बहुधा' या शब्दावर किती भार टाकायचा? १४ एप्रिल २०१६च्या रात्री जपानमध्ये कुमामोतोला भूकंप झाला. आता लहानसहान धक्केच येतील, असे समजून काही लोक घरी परतले. अठ्ठावीस तासांनी त्याहून मोठा भूकंप आला, आणि परतलेल्यांपैकी काही जण त्यात गेले. त्याच वर्षी जपानी तज्ज्ञांनी ठरवले, की मोठ्या भूकंपानंतर लोकांना सूचना देताना 'नंतरचे धक्के' हा शब्दच वापरायचा नाही. तो ऐकला, की माणसाला वाटते, मोठे ते होऊन गेले. त्याऐवजी सांगायचे, 'एवढ्याच जोराचा भूकंप पुन्हा येऊ शकतो, सावध राहा.'

शब्द जपून वापरावेत, असे आम्ही कवी म्हणतो, तेव्हा पुष्कळांना तो लाड वाटतो. ज्या देशाने धक्के मोजायला शिकवले, त्याच देशाला एक शब्द माणसांच्या जिवावर बेतल्याने बाजूला ठेवावा लागला. तेव्हा भेगाळलेल्या घराबाहेर बसलेला कोणी 'संपला का?' असे विचारू लागला, तर त्याला खोटा धीर देऊ नये आणि भीतीही घालू नये. जमीन सावकाश थांबते, हे त्याला सांगावे. आणि भिंती तपासून होईपर्यंत त्याला आपल्याकडे पथारी टाकू द्यावी.