गोमंतकीय वादक आणि त्यांचे कागद
(१९६०–१९७०)

हस्तलिखितांचा संग्रह करणारांस पुष्पिकेचें मोल सांगावयास नको. पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव, गांव, शक व तिथि हीं सांपडलीं म्हणजे तेवढ्या चार ओळींवर ग्रंथाचा काल ठरतो, आणि ज्यानें तो हातानें उतरून काढला त्या मनुष्यासहि इतिहासांत जागा मिळते. परंतु जिच्या निर्मितीस जेमतेम साठ वर्षें लोटलीं अशी एक विपुल कलासंपत्ति आपल्या जवळच आहे आणि तिला पुष्पिकाच नाहीं. १९६० ते १९७० या दशकांत मुंबईंत जीं चित्रपटगीतें व कोंकणी गाणीं ध्वनिमुद्रित झालीं, त्यांतील गोमंतकीय वादकांविषयीं व वाद्यवृंदलेखकांविषयीं हें विधान आहे.

हे लोक मुंबईस कसे आले हें प्रथम पाहूं. पोर्तुगीज अमलांत गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांस व्हायोलिन व स्वरलेखन शिकविण्याची परंपरा होती. हें शिक्षण घेतलेला तरुण उदरनिर्वाहासाठीं मुंबई गांठी व आपल्या गांवच्या कुडांत उतरे. धोबीतलाव, माझगांव या भागांत असे गांववार कूड असत. हॉटेलें व क्लब यांतील वाद्यवृंदांत त्यास काम मिळे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें क्लबांचा धंदा खालावला, आणि हे वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे अधिकाधिक वळले. हळदोण्याचे चिक चॉकलेट यांनीं सी. रामचंद्र यांच्याबरोबर ‘अलबेला’ (१९५१) मध्यें केलेलें काम या संधिकालाचें ठळक उदाहरण होय. आपले पुणतांब्याचे रामचंद्र आणि गोव्याचा ट्रंपेटवादक यांचा हा योग महाराष्ट्रासहि विसरतां येण्यासारखा नाहीं.

संगीतदिग्दर्शक चाल बांधी. परंतु वीसपंचवीस व्हायोलिनें, चेलो, ट्रंपेट, सॅक्सोफोन यांपैकीं प्रत्येकानें कोणत्या मात्रेवर काय वाजवावें हें कागदावर उतरविणारा निराळा असे. शंकर–जयकिशन यांच्यासाठीं सेबॅस्टियन डिसोझा यांनीं हें कार्य १९५२ पासून १९७५ पर्यंत केलें. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं भारतीय व पाश्चात्य वादकांचा एकत्र वाद्यवृंद उभारला. प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील एका गीतांत त्यांचें नांव आलें, तें शिष्यानें वाहिलेली गुरुदक्षिणाच होय. लक्षावधि लोकांच्या मुखीं तें नांव बसलें. तथापि त्या नांवाचा एक मनुष्य २०१२ पर्यंत हयात होता, हें त्यांतील किती थोड्यांस ठाऊक होतें!

कोंकणी गीतांची हकीकत याहून थोडी बरी आहे. फ्रँक फर्नांद यांनीं ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे चित्रपट निर्माण केले. मडगांवचे क्रिस पेरी व गायिका लॉर्ना यांच्या ‘बेबदो’ प्रभृति गाण्यांनीं गोव्यांतील व मुंबईंतील घरोघरीं प्रवेश केला. पुढें लॉर्ना यांचें गाणें सुमारें दोन तपें थांबलें. १९९५ सालीं त्या पुनः रंगमंचावर आल्या. क्रिस पेरी २००२ सालीं निवर्तले. या दोघांच्या जीवनावरून स्फुरलेल्या ‘नाचूंया कुंपासार’ या चित्रपटास २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु त्यांच्या मागें बसून ज्यांनीं वाद्यें वाजविलीं, त्यांतील बहुतेकांस असा भाग्योदय लाभला नाहीं.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. महाराष्ट्र शासन १९५४-५५ पासून वृद्ध कलावंतांस मानधन देत आलें आहे. गोव्यांतहि कला सन्मान योजना आहे. परंतु अर्ज करावयाचा तर आपल्या कलाकार्याचा पुरावा जोडावा लागतो. ज्याचें नांव तबकडीवर नाहीं, चित्रपटाच्या श्रेयनामावलींत नाहीं, त्यानें पुरावा कोठून आणावा? कायद्याचाहि आधार त्यास नाहीं. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांत वादकगायकांचा हक्क प्रथम १९९४ च्या दुरुस्तीनें आला व मानधनांतील वांटा २०१२ च्या दुरुस्तीनें. १९६५ सालीं स्टुडिओंतून दिवसाची मजुरी घेऊन जो घरीं गेला, त्याचा संबंध तेथेंच तुटला. अशा स्थितींत संशोधकानें जमविलेला एक कागद हा इतिहासाचें साधन तर आहेच, शिवाय एखाद्या नव्वदीच्या वृद्धाच्या औषधपाण्याची सोयहि आहे.

संग्राहकांनीं काय करावें, हें आतां थोडक्यांत मांडतों. नोटेशनचे जुने कागद घर बदलतांना रद्दींत जातात. त्यांवर बहुधा गीताचें नांव, तारीख व क्वचित् वादकांचीं नांवें टिपलेलीं असतात. ते मिळतील तेथून घ्यावे, निदान त्यांचीं छायाचित्रें काढावीं. तबकडीच्या मधल्या भागांत कोरलेला क्रमांक लेबलावरील मजकुराबरोबर उतरून घ्यावा, म्हणजे मुद्रणांचा क्रम लावतां येतो. १९६४ अखेर प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांची साठ वर्षांची मुदत १ जानेवारी २०२५ रोजीं संपली आहे. शब्द व चाल यांचे हक्क निराळे, हें मात्र ध्यानांत ठेवावें. मुंबईंत १९९० पासून तबकडीसंग्राहकांची एक संस्था कार्य करीत आहे. तिच्याशीं सहकार्य करावें. ग्रेगरी बूथ यांनीं वृद्ध वादकांच्या मुलाखतींवरून रचलेला ग्रंथ २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बोललेले अनेकजण आज नाहींत. परंतु त्यांची साक्ष राहिली.

आणि जे आहेत त्यांच्याकडे आधीं जावें. कोणत्या गीतांत कोण बसलें होतें हें विचारून, सांगणाराचें नांव, गांव व तारीख घालून, त्याच्या समक्ष लिहून घ्यावें व सही घ्यावी. त्याची एक प्रत संग्रहीं ठेवावी, आणि दुसरी त्याच्या हातीं द्यावी. अर्जास जोडण्यास ती त्याच्या उपयोगीं पडेल. पोथी बंद होण्यापूर्वीं पुष्पिका लिहिण्याचें हें काम आहे, आणि त्यास अवधि थोडा उरला आहे.