अस्सल जपानी, इंग्रजीतून

दर्दी माणसाला त्याच्या आवडी विचाराव्या लागतात. नावडी तो आपण होऊन सांगतो. चहाचा कप खाली ठेवता ठेवता तो अमक्याचं गाणं, तमक्याची बाकरवडी आणि गेल्या वीस वर्षांतले सगळे दिवाळी अंक निकालात काढतो. मग जे काय उरेल ते अस्सल. ही जमात गाण्यात आहे, खाण्यात आहे आणि आमच्या भाच्याच्या कृपेने मला कळलं, की जपानी व्हिज्युअल नॉव्हेलमध्येही आहे.

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे संगणकाच्या पडद्यावर वाचायची कादंबरी. मागे चित्र असतं, बहुधा शाळेच्या वर्गाचं. पुढे मोठ्या डोळ्यांची एक मुलगी उभी. खाली चौकटीत दोन-तीन ओळी मजकूर. बटण दाबलं की पुढची ओळ. असं कधी कधी पन्नास-पन्नास तास दाबत बसायचं. मधूनच गोष्ट थांबते आणि आपल्यालाच विचारते : हिला छत्री द्यायची, की आपण भिजत घरी जायचं? इथे दिलेल्या उत्तरावर पुढे कोण कोणाच्या प्रेमात पडतं आणि कोण मरतं, हे ठरतं. थोडक्यात, मुली बघण्याचा कार्यक्रम. फक्त कांदेपोहे नाहीत.

"म्हणजे तू जपानी वाचतोस?" मी कौतुकाने विचारलं.

"नाही हो मामा. इंग्रजी भाषांतर वाचतो."

"मग मुळात इंग्रजीतच लिहिलेल्या असतील की."

त्यावर त्याने जे नाक मुरडलं, तसं नाक मी आमच्या आजीने विकतच्या पुरणपोळीचं नाव ऐकून मुरडलेलं पाहिलं होतं. "असतात," तो म्हणाला, "पण त्या काही खऱ्या नव्हेत."

इंग्रजीत जन्मलेल्या या बिचाऱ्यांना दर्दी मंडळींनी वेगळं नावही दिलं आहे : 'ओरिजिनल इंग्लिश लँग्वेज व्हिज्युअल नॉव्हेल'. त्याची आद्याक्षरं ओईएलव्हीएन. नुसतं ऐकलं तर सरकारी कचेरीतला एखादा फॉर्म वाटावा. शिरीष पैंनी जपानी हायकू मराठीत रुजवला. त्याला आपण हायकूच म्हणतो, 'मूळ मराठी भाषक हायकू' म्हणून कोणी त्याचं पान वेगळं मांडत नाही. पण इथे पंगतच वेगळी.

तक्रारी काय काय? चित्रं कच्ची. लांबी अपुरी. पात्रांना बोलका आवाज नाही. जन्मात जपान न पाहिलेला लेखक ओहायोत बसून टोकियोतली शाळा रंगवतो. आणि त्याचं इंग्रजीसुद्धा इंग्रजी नसतं, तर भाषांतरातलं इंग्रजी असतं. या शेवटच्या तक्रारीत मात्र दम आहे. जपानी माणूस उठता-बसता 'इलाज नाही' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. भाषांतरकार ते शब्दाला शब्द इंग्रजीत आणतात आणि ते वाचून वाढलेला अमेरिकन मुलगा आपल्या स्वतःच्या पात्रांच्या तोंडी तेच घालतो. जणू कुणी मराठी लेखकाने सदाशिव पेठेतल्या माणसाच्या तोंडी भाषांतरित बंगाली घालावी.

पण अस्सलपणाचा उगम शोधत वर गेलं, की नदी भलत्याच डोंगरातून निघते. १९८० साली अमेरिकेत रॉबर्टा विल्यम्स या बाईंनी नवऱ्याच्या मदतीने 'मिस्टरी हाउस' हा संगणकावरचा खेळ केला. साध्या रेघांनी काढलेलं घर, त्यात खून, आणि आपण एक-दोन इंग्रजी शब्द टाइप करून पुढे जायचं. अशा अमेरिकन खेळांबद्दल युजी होरी नावाच्या तरुण जपानी लेखकाने एका मासिकात वाचलं आणि त्याला वाटलं, आपल्याकडे असं काही नाही. मग त्याने १९८३ साली कोबे शहरातल्या एका खुनाची गोष्ट संगणकावर आणली. तिचं नाव 'पोर्टोपिया'. ही या घराण्याची आजी मानतात. म्हणजे पणजी अमेरिकन!

पुढे १९९२ मध्ये चुनसॉफ्ट कंपनीने 'ओतोगिरिसो' काढली. तिच्यात कोडी-बिडी काढून टाकली आणि वाचणं तेवढं ठेवलं. १९९६ साली लीफ नावाच्या कंपनीने आपल्या मालिकेला 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव दिलं. नाव इंग्रजी, ठेवलं जपान्यांनी. आणि आता इंग्रजीत लिहिणाऱ्याला ते लावायची चोरी.

कच्च्या चित्रांचंही तसंच. भाच्याची दोन परमदैवतं आहेत. 'त्सुकिहिमे' २००० साली टोकियोच्या कॉमिक मार्केट या हौशी मंडळींच्या जत्रेत विकायला आली. 'हिगुराशी' तिथेच २००२ साली. हिगुराशीचा कर्ता सरकारी नोकर होता. लिहायचा तोच आणि चित्रंही काढायचा तोच. त्यातल्या मुलींचे हात बघितले तर पुरणाचे उंडे मनगटाला चिकटवल्यासारखे दिसतात. मागची दृश्यं म्हणजे फोटोंवर जरा रंगकाम केलेलं. "त्यात एक वेगळीच मजा आहे, मामा!" असेल. पण अमेरिकेतल्या पोराने हेच केलं, की तो आळस.

मला वाटतं, खरा घोटाळा चाळणीचा आहे. जपानात अशा कादंबऱ्या ढिगांनी निघाल्या. त्यांतल्या इंग्रजीत किती आल्या? मूठभर. त्यांतल्याही कितीतरी हौशी लोकांनी रात्री जागून, एक पैसा न घेता आणल्या. त्सुकिहिमेचं हौशी भाषांतर २००६ साली पुरं झालं. फुकट रात्री जागायच्या तर माणूस रद्दड पुस्तकासाठी जागत नाही. तेव्हा टुकार माल जपानातच राहिला आणि इकडच्यांची समजूत झाली, की जपानी म्हणजे उत्तमच. मामा वरेरकरांच्या मराठीतून शरदबाबू वाचलेल्या आमच्या मागच्या पिढीची बंगाल्यांबद्दल अशीच समजूत होती.

इंग्रजीला ही चाळणी नाही. टॉम रॉथमेल या अमेरिकन गृहस्थाने २००४ साली 'रेनपाय' नावाचं साधन तयार करून फुकट वाटलं. मग काय, ज्याच्या पोटात गोष्ट होती त्याने ती लिहिली आणि ज्याच्या पोटात नव्हती त्यानेही लिहिली. तिकडचं निवडलेलं आणि इकडचं पोत्यासकट, अशी तुलना चालते.

त्यातही काही गोष्टी जिद्दीने वर आल्या. राइता या जपानी चित्रकाराने अपंग मुलींचं एक रेखाटन केलं होतं. २००७ साली ते इंटरनेटवर हिंडू लागलं आणि देशोदेशीच्या हौशी पोरांनी त्यावरून कादंबरी रचायला घेतली. पाच वर्षं खपून २०१२ च्या जानेवारीत 'कातावा शोजो' पुरी केली आणि फुकट दिली. हृदयविकार झालेला मुलगा आणि त्याच्या नव्या शाळेतल्या पाच मुली : एक आंधळी, एक बहिरी, एकीला हात नाहीत. विषय ऐकून अंगावर काटा यावा; पण ती फार समजुतीने लिहिली आहे, हे भाचाही कबूल करतो. २०१५ साली तिचं जपानी भाषांतर झालं. नक्कल मुळाच्या घरी पाहुणी गेली.

२०१७ च्या 'डोकी डोकी लिटरेचर क्लब'वर मात्र दर्द्यांचा वेगळाच राग. डॅन साल्व्हाटो या अमेरिकनाने गोड मुलींची गोष्ट सुरू करून मध्येच तिचा थरकाप उडवणारा भयपट केला. तीन महिन्यांत दहा लाखांवर लोकांनी तो उतरवून घेतला. आता भाच्याने कुठेही आपला छंद सांगितला, की समोरचा म्हणतो, "हो हो, ते डोकी डोकी ना?" आयुष्यभर भीमसेन ऐकलेल्या माणसाला "तुम्हाला रिंगटोनची आवड आहे वाटतं?" म्हणण्यातला प्रकार.

हे सगळं मी खणत बसलो त्याला कारण आहे. आमच्या ताईने परवा फोनवर दबक्या आवाजात सांगितलं, की हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काहीतरी लिहितो. विचारल्यावर आधी नाही म्हणाला, मग निघालं : मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या तीन मुलांची गोष्ट आहे, इंग्रजीत, रेनपायमध्ये. दीड वर्ष झालं. एकालाही दाखवलेली नाही. कशी दाखवणार? वाचून नाक मुरडणारा पहिला माणूस तो स्वतःच.

मी त्याला 'व्हल्हाला'बद्दल विचारलं. २०१६ सालची ही कादंबरी व्हेनेझुएलाच्या दोन तरुणांनी केली. भाषा इंग्रजी, सोंग जुन्या जपानी संगणकांवरच्या खेळांचं, आणि आतलं दुःख त्यांच्या स्वतःच्या मोडकळीला आलेल्या देशाचं. दारूच्या गुत्त्यात एक मुलगी पेले भरते आणि गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकते, एवढंच. भाच्याला ती जीव की प्राण.

"मग ती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलीस? जपानी, की त्या ओईएल का काय म्हणतोस त्यात?"

"जपानी," तो जरा ओशाळून म्हणाला.

"आणि मिरजेची?"

"ती अजून बाहेरच आहे, मामा. डेस्कटॉपवर."