ओला गालिचा आणि निरपराध पिल्लू : एक थ्रेड

१३८७ च्या मे महिन्यात पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी राज्य करणारा फ्वा परगण्याचा काउंट गास्तों फेबुस याने शिकारीविषयीचा आपला ग्रंथ सांगावयास घेतला. हरणे, रानडुकरे आणि अस्वले यांच्या पाठलागाची वर्णने त्यात विपुल आहेत. सुंदर चित्रांमुळे या ग्रंथाची हस्तलिखिते आजही प्रसिद्ध आहेत. मात्र त्यातला एक भाग वाचकाच्या नजरेतून सहसा निसटतो. शिकारी कुत्र्यांचे घर कसे असावे, हे तिथे सांगितले आहे.

फेबुसच्या सूचना एखाद्या अनुभवी गवंड्याला शोभाव्यात इतक्या नेमक्या आहेत. लघवी वाहून जाण्यासाठी मोरी काढावी, अंथरलेला पेंढा नियमाने बदलावा, कुत्र्यांना बाहेर फिरवून आणावे. शिवाय छोटे खुंट रोवून त्यांना कुत्र्यांच्याच अंथरुणातला वापरलेला पेंढा गुंडाळावा, म्हणजे कुत्री तिथे जाऊन लघवी करतील. हा पेंढा ताजा नव्हे, वापरलेला हवा, हे महत्त्वाचे. कुत्रे जागा वासावरून ओळखते, हे त्या काळच्या श्वानपालाला पुरते ठाऊक होते. पिल्लाला दररोज ठरलेल्या एकाच जागी न्या, असे आजचे प्रशिक्षक सांगतात त्यामागचे कारण याहून वेगळे नाही.

इंग्लंडच्या यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने पंधराव्या शतकाच्या आरंभी हा ग्रंथ इंग्रजीत आणला आणि त्यात स्वतःची काही भर घातली. हाच एडवर्ड पुढे १४१५ मध्ये आझिंकूरच्या लढाईत मारला गेला. दोन्ही ग्रंथांत रात्रीच्या वेळी कुत्र्यांजवळ एक मुलगा ठेवण्याची सूचना आहे. कुत्री आपसांत भांडू नयेत, हा तिचा हेतू.

रात्री कुत्र्याजवळ माणूस असावा, ही कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. सिकंदराच्या मोहिमांचा इतिहासकार म्हणून इतिहासप्रेमींना परिचित असलेला ॲरियन याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात शिकारी कुत्र्यांवरही एक पुस्तक लिहिले. कुत्र्याने माणसाजवळ झोपावे हे उत्तम, असे तो म्हणतो. त्यामुळे त्याला माणसाचा लळा लागतो, आणि रात्री ते अस्वस्थ होते का, त्याला काही त्रास होतो का, हेही मालकाला कळते. ॲरियनची स्वतःची कुत्री होती होर्मे. तिच्याजवळ निरनिराळे आवाज होते आणि कोणत्या आवाजाने ती काय मागते, हे त्याला समजत असे. सिकंदराच्या चरित्रासाठी ॲरियन वाचणाऱ्यांनी हे छोटे पुस्तकही अवश्य वाचावे. त्यातला माणूस अधिक जवळचा वाटतो.

या सगळ्या लेखनात घाण हा देखभालीचा प्रश्न आहे. तो कुत्र्याच्या चारित्र्याचा प्रश्न कधी झाला, हे पाहण्यासाठी कुत्र्यामागोमाग घरात शिरावे लागते.

राजवाड्यांत कुत्री पूर्वीपासूनच होती. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आपल्या स्पॅनियल कुत्र्यांना शयनगृहात ठेवी आणि तिथेच त्यांची पिल्ले जन्मत. त्या दुर्गंधीने दरबार कसा नकोसा होई, याची तक्रार जॉन एव्हलिनने १६८५ मध्ये राजाच्या निधनानंतर आपल्या रोजनिशीत नोंदवली आहे. पण राजाच्या कुत्र्याने गालिचा भिजवला, तर तो पुसायला सेवक होते. एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे श्वानप्रदर्शन भरले, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि जातिवंत कुत्रे मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात प्रतिष्ठेने येऊन बसले. या दिवाणखान्यात मोरी नव्हती. होता तो गालिचा, आणि तो स्वच्छ राखणे ही कुटुंबाच्या अब्रूची बाब होती.

त्या काळी इंग्रजीत कुत्र्याच्या शिक्षणाला रूढ शब्द होता ‘ब्रेकिंग’. ब्रेकिंग म्हणजे मोडणे. बेलगाम घोड्याची रग मोडतात, तशी कुत्र्याची मोडायची. १८४८ मध्ये हचिन्सन या लष्करी अधिकाऱ्याने लिहिलेल्या लोकप्रिय पुस्तकाचे नावच ‘डॉग ब्रेकिंग’ होते. हचिन्सन स्वतः उगाच चाबूक उगारण्याच्या विरुद्ध होता, परंतु शब्द मात्र त्यानेही तोच ठेवला. अमेरिकेत १८८२ मध्ये एस. टी. हॅमंड याने आपल्या पुस्तकाच्या नावातच ‘ट्रेनिंग’ विरुद्ध ‘ब्रेकिंग’ असा सामना लावला आणि मारण्याऐवजी मांसाचा तुकडा देऊन शिकवा, असे सांगितले. तरीही घरात घाण न करण्याच्या शिक्षणाला इंग्रजीत ‘हाउसब्रेकिंग’ हेच नाव चिकटले. मराठी इथे अधिक समंजस म्हणायची. आपल्याकडे पिल्लाला बाहेर जायची ‘सवय लावतात’. अर्थात पूर्वी बहुतेक कुत्री अंगणात आणि ओसरीवरच असत, त्यामुळे या भाषेची परीक्षा फारशी झालीच नाही, हेही खरे.

मोडण्याच्या या कल्पनेतूनच ती कुप्रसिद्ध रीत घरोघर रुजली. सकाळी फरशी ओली दिसली, की पिल्लाची मान धरून त्याचे नाक त्या ओलाव्यावर घासायचे आणि वर्तमानपत्राची सुरळी करून चार फटके द्यायचे.

ही शिक्षा निरर्थक का, याचे उत्तर इवान पावलोव्हच्या प्रयोगशाळेत सापडते. पावलोव्हला १९०४ चे नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. पण त्याची कीर्ती टिकली ती घंटा, अन्न आणि लाळ यांच्यामुळे. या प्रयोगांतली कमी सांगितली जाणारी बाब म्हणजे क्रम. इशारा अन्नाच्या आधी आला तर संबंध जुळतो. अन्न मिळून गेल्यावर आला तर तो जुळत नाही. शिक्षेचीही गत अशीच होते. रात्री २ वाजता केलेली लघवी आणि सकाळी ७ वाजता बसलेला फटका यांत पिल्लाच्या लेखी काहीच नाते नसते. त्याला एवढेच समजते, की जमिनीवर ओल असताना माणूस आला तर जपून राहावे.

जर्मन पोलिसांच्या कुत्र्यांना शिकवणाऱ्या कोनराड मोस्टने १९१० च्या आपल्या पुस्तकात हाच धागा पकडला होता. मोस्टच्या पद्धती आज कठोर वाटतात आणि त्या तशा होत्याही. पण कुत्र्यावर माणसाची नीतिमूल्ये लादू नका, हे त्याने स्पष्ट सांगितले होते.

मग पिल्लाला रात्री होते तरी काय? जन्मानंतरचे सुमारे ३ आठवडे त्याला स्वतःहून मलमूत्र विसर्जनही करता येत नाही. आई पोट चाटते तेव्हा ती क्रिया घडते आणि आईच सारे स्वच्छ करते. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी ५ जातींच्या कुत्र्यांवर प्रदीर्घ अभ्यास केला. १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. त्यात दिसते ते असे, की पाय फुटताच पिल्लू विसर्जनासाठी निजायच्या जागेपासून दूर जाऊ लागते आणि साधारण ८ आठवड्यांचे झाल्यावर ठरावीक जागा निवडू लागते. म्हणजे स्वच्छतेची ओढ त्याच्यात आधीपासूनच असते. कमी पडते ते मूत्राशय. दोन महिन्यांच्या पिल्लाला अख्खी रात्र लघवी रोखून धरणे सहसा जमतच नाही. बहुतेकांना ते ४ ते ६ महिन्यांच्या सुमारास साधते.

यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो. त्याला सगळे समजते, म्हणून तर ते कान पाडून कोपऱ्यात बसते! १९७७ मध्ये पीटर व्होल्मर या अमेरिकन श्वानतज्ज्ञाने याची परीक्षा पाहिली. कागद फाडून ठेवणाऱ्या एका कुत्रीच्या मालकिणीला त्याने स्वतःच कागद फाडून बाहेर जायला सांगितले. ती परतली तेव्हा काहीही न केलेली कुत्री अपराध्यासारखी उभी होती. २००९ मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी १४ कुत्र्यांवर अधिक काटेकोर प्रयोग केला. निषिद्ध खाऊ खाल्ला की नाही, याच्याशी त्या ‘अपराधी’ चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. तो संबंध मालकाच्या रागावण्याशी होता. निर्दोष असून बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर तो चेहरा अधिकच ठळक दिसला. काही पिल्ले भीतीनेच लघवी करतात. तेव्हा फटका देणारा मालक ज्या गोष्टीसाठी मारतो, तीच वाढवतो. काही पिल्ले त्याहून शहाणी निघतात आणि माणसाची नजर चुकवून सोफ्यामागे जाऊ लागतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पिल्लाला रात्री पिंजऱ्यात निजवण्याची पद्धत पसरली. निजायची जागा ओली न करण्याची पिल्लाची वृत्तीच ती वापरते. स्वीडनमध्ये मात्र प्रवास किंवा प्रदर्शन यांसारखे प्रसंग वगळता कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. पिंजरा असो वा टोपली, पिल्लाला मध्यरात्री एकदा बाहेर नेणारे कुणीतरी लागतेच.

मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत हे काम अधिक अवघड. लिफ्ट येईपर्यंत पिल्लू थांबत नाही, म्हणून बाल्कनीत वर्तमानपत्र पसरले जाते. तीन महिने कागदावर पाय ठेवून लघवी करणाऱ्या पिल्लाच्या पायांना कागद हीच खूण होऊन बसते. पुढे मालक त्याला बागेतल्या गवतावर नेतो, तेव्हा ते अर्धा तास हुंगत हिंडते, घरी परतते आणि सोफ्यावर पडलेली रविवारची पुरवणी शोधते. अशा वेळी वापरलेल्या कागदाचा एक तुकडा बागेत नेऊन गवतावर ठेवावा आणि दर दिवशी तो थोडा लहान करत जावा. फेबुसच्या खुंटाला गुंडाळलेला पेंढा हेच काम करत असे.