प्रोफायलरची चाचणी का फसते

प्रोग्रामचा वेळ नेमका कुठे जातो, हे प्रोफायलर सांगतो. डोनाल्ड कनूथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान प्रोग्राम तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळ सहसा चार टक्क्यांहून कमी कोडमध्ये जात असल्याचे दिसले. तो भाग शोधण्यासाठी युनिक्सवर ‘प्रॉफ’ आले आणि १९८२ मध्ये बर्कलीच्या सुसान ग्रॅहम, पीटर केसलर व मार्शल मॅकक्युसिक यांनी ‘जीप्रॉफ’ मांडले.

जीप्रॉफ दोन प्रकारे मोजते. फंक्शन किती वेळा बोलावले गेले, याची मोजणी पक्की असते. वेळेचे तसे नाही: घड्याळाच्या ठरावीक ठोक्याला कोणते फंक्शन चालू होते याचे नमुने घेऊन तो अंदाजाने काढला जातो. त्यामुळे तोच प्रोग्राम त्याच इनपुटवर दोनदा चालवला तर बोलावण्यांची संख्या जुळते, वेळ जुळेलच असे नाही.

प्रोफायलरच्या चाचण्या फसतात त्या बहुधा इथेच. ‘या फंक्शनला इतके नमुने मिळालेच पाहिजेत’ अशी अट असली, की मशीनवर दुसरे काम सुरू होताच चाचणी नापास होते. मग ती पास होईपर्यंत पुन्हा चालवायची किंवा अट सैल करत न्यायची, अशी पळवाट काढली जाते. खरा दोषही त्यातच झाकला जातो.

२००९ मध्ये लिनक्स २.६.३१ सोबत ‘पर्फ’ हे प्रोफायलर आले, पुढे त्यात ‘पर्फ टेस्ट’ या चाचणीसंचाची भर पडली. पर्फ प्रोसेसरमधले काउंटर वापरते. व्हर्च्युअल मशीनवर ते अनेकदा नसतात. तिथे निकाल ‘फेल’ नव्हे, ‘स्किप’ यायला हवा. कंपायलरही घोळ घालतो: छोटे फंक्शन तो बोलावणाऱ्यातच मिसळून टाकतो आणि अहवालातून त्याचे नाव गायब होते. म्हणून चाचणीच्या नमुना प्रोग्रामांत अशा फंक्शनांवर ‘नोइनलाइन’ अशी खूण करतात.

पर्फमधला ‘लीफलूप’ हा असाच नमुना प्रोग्राम. त्यात ‘पेरेंट’ हे फंक्शन ‘लीफ’ला बोलावते आणि लीफ नुसते फिरत राहते. ६४-बिट आर्म प्रोसेसरवर परतीचा पत्ता रजिस्टरमध्ये असतो. लीफ पुढे कोणालाच बोलावत नसल्याने तो स्टॅकवर ठेवला जाईलच असे नाही, आणि स्टॅक वाचून जोडलेल्या बोलावण्यांच्या साखळीतून पेरेंटच गळते. इथे चूक चाचणीची नसून प्रोफायलरची होती. ते रजिस्टरही नोंदवून ती दुरुस्त झाली. लीफलूपवरची चाचणी नमुने मोजत नाही, साखळीचा क्रम पाहते, म्हणून ती भरवशाची.

नेमके आकडेच हवे असतील, तर व्हॅलग्राइंड या साधनसंचातले ‘कॅशग्राइंड’ कृत्रिम प्रोसेसरवर प्रोग्रामच्या सूचना मोजते. आकडे जवळपास स्थिर राहतात, पण प्रोग्राम कित्येक पट हळू चालतो.